गवळणीच्या वाटेवरची माणसे : पेंद्या, मावशी आणि सोंगाड्या यांचा मूळशोध

तमाशाच्या पारंपरिक मांडणीत गण झाल्यावर गवळण येते. डोक्यावर दुधादह्याचे माठ घेऊन गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात. त्यांच्या पुढे कमरेवर हात ठेवून मावशी चालते आणि वाटेत कृष्णाचा सवंगडी पेंद्या त्यांना अडवतो. दाण दिल्याखेरीज पुढे जाता येणार नाही, असे तो बजावतो. मावशी हुज्जत घालते, पेंद्या उलट उत्तर देतो आणि कनातीतले लोक हसू लागतात. प्रत्यक्ष कृष्ण येतो तो बराच उशिरा. पुष्कळदा तो चार वाक्ये बोलून निघूनही जातो. लोक ज्यांच्यासाठी बसलेले असतात, ती माणसे देवाच्या आधीच येऊन गेलेली असतात.

ही माणसे आली कोठून? भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्णाचे सवंगडी नावानिशी सांगितले आहेत. श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण ही नावे तेथे भेटतात. पेंद्या भेटत नाही. बाजाराला जाणाऱ्या गवळणींची वाट अडवून दाण मागण्याची कथाही त्या ग्रंथात नाही. मावशी तर नाहीच. राधेचे नावदेखील भागवतात उच्चारलेले नाही. गवळण कृष्णकथेवर उभी आहे असे आपण सहज म्हणतो. परंतु तिच्यातील जिवंत भाग ग्रंथाबाहेरून आलेला आहे. तो कोणी घडविला आणि पुढे आपल्याच वाडवडिलांनी जलशाच्या फडात त्याचे काय केले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

आरंभीच एक सावधगिरी नोंदवितो. लोकपात्रांचा मूळशोध घेताना एखादा प्राचीन पूर्वज गाठून 'हाच तो' असे म्हणण्याचा मोह फार होतो. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील बौद्ध लेण्यांत एक ठेंगणा यक्ष सापडला. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मोठे पोट, डोक्यावर पात्र आणि चेहऱ्यावर खळखळून आलेले हसू. त्याच्या हातावर 'कान्हदास' या सोनाराचे नाव कर्ता म्हणून कोरलेले आहे. इसवी सनापूर्वीचे हे हसू पाहिले की, हा आपल्या सोंगाड्याचा खापरपणजोबाच असला पाहिजे असे वाटून जाते. परंतु हसणाऱ्या दोन माणसांचे साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. मधल्या दोन हजार वर्षांचे दुवे हाती नसताना नाते जोडणे हा अभ्यास होत नाही. त्या यक्षाकडून एवढेच घ्यावे की, धम्माच्या लेण्यातदेखील कारागिराने हसणाऱ्या बुटक्याला जागा दिली होती आणि त्याखाली स्वतःचे नाव अभिमानाने लिहिले होते. आपल्या लोकरंगभूमीवरील बहुसंख्य पात्रांच्या घडविणाऱ्यांना हे भाग्य लाभले नाही.

आता गवळणीकडे वळू. राधेपासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण तिचा माग आपल्या मातीतच लागतो. राधेच्या नावाच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक 'गाथासप्तशती'त आहे. हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतातला असून परंपरा त्याचे श्रेय सातवाहन राजा हाल याला देते. त्यातील एका गाथेत कृष्ण फुंकर घालून राधेच्या मुखावरची गाईंच्या खुरांची धूळ उडवितो आणि इतर गवळणींचा तोरा त्यामुळे उतरतो. या गाथेत पूजा नाही की तत्त्वज्ञान नाही. गोठ्यातील धूळ, एक फुंकर आणि शेजारणींचा मत्सर, एवढीच सामग्री आहे. शेतकरी, गुराखी आणि त्यांच्या बायका ज्या बोलीत गात होते, त्या बोलीतून राधा प्रथम डोकावते आणि देवळात शिरते ती पुष्कळ पुढे. लोकपात्रे खालून वर चढतात, याचे हे ठळक उदाहरण मानावयास हरकत नाही.

दाणाची कथा मात्र सबंध देशभर फिरलेली आहे. दाण म्हणजे मालावरची जकात. ब्रजभूमीत दानलीला आहे. बंगालात बडू चंडीदासाच्या 'श्रीकृष्णकीर्तन' या काव्यात दानखंड नावाचा एक मोठा भागच आहे. ग्रंथात नसलेली ही कथा एवढ्या भाषांत का रुजली असावी? मला त्याचे कारण तिच्या विषयात दिसते. वाटेवर उभा राहून दुसऱ्याच्या कष्टाच्या मालावर हक्क सांगणारा माणूस साऱ्या देशाच्या ओळखीचा होता. पेशवाईत मालाच्या वाटेवर ठिकठिकाणी जकात द्यावी लागे. तमाशाचे फड ज्या जातींनी उभे केले, त्या महार, मांग, कोल्हाटी समाजांना तर वेठबिगारीचा अनुभव रोजचाच होता. रंगमंचावर मावशी जेव्हा विचारते की, गाय आमची, चारा आमचा, घुसळण आमची, मग लोणी तुझे कसे, तेव्हा ती कृष्णाशी बोलत असते हे खरे. पण तिचा आवाज वेशीपलीकडेही ऐकू जातो.

पेंद्या हा मराठी संतांच्या अंगणात वाढला. बालक्रीडा, काला आणि गवळणी यांच्या अभंगांत कृष्णाचे सवंगडी म्हणून पेंदा, वाकडा, बोबडा अशी नावे येतात. ही नावे नीट वाचावी. एकाच्या नावात शरीराचा बाक आहे, दुसऱ्याच्या नावात जिभेचा अडखळा आहे, आणि पेंदा हा पायाने अधू अशी वारकरी परंपरेची समजूत आहे. संस्कृत ग्रंथातील श्रीदामा-सुबल ही भारदस्त नावे बाजूला सारून मराठी कवींनी गावात हिणवून मारल्या जाणाऱ्या हाका देवाच्या सवंगड्यांना दिल्या. काल्याच्या प्रसंगी या साऱ्यांच्या शिदोऱ्या एकत्र होतात आणि कोणाचे शिळे, कोणाचे ताजे हा भेद उरत नाही. कल्पना मोठी सुंदर आहे. चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहिली, हे मात्र ती वाचताना विसरता येत नाही. काल्यात एकत्र झालेली भाकरी गावात परत येताच पुन्हा वेगळी होत असे.

संतांचा पेंद्या भोळा आहे. तमाशात आल्यावर तो भोळेपणाचे सोंग घेऊ लागला, आणि येथेच त्याचा खरा जन्म झाला असे मी मानतो. तो लंगडतो, बोबडे बोलतो, शब्दांची मोडतोड करतो आणि त्या मोडतोडीतून नेमके बोलून जातो. गवळणीचे संवाद बहुधा लिहिलेले नसत. त्या रात्री त्या गावात काय चालले आहे, हे दुपारी पाटलाच्या ओट्यावर बसून ऐकलेला सोंगाड्या ते रात्री पेंद्याच्या तोंडी घालत असे. तलाठी, सावकार, धान्याचे भाव, नवा कायदा, सर्व काही द्वापारयुगात येऊन बसे. ज्याला शहाण्यासारखे बोलण्याची मुभा नाही, त्याने वेड्यासारखे बोलून काम साधावयाचे, ही युक्ती या पात्राच्या हाडीमांसी मुरलेली आहे.

मावशीचा माग अधिक गुंतागुंतीचा आहे. वर उल्लेखिलेल्या 'श्रीकृष्णकीर्तन' काव्याचे हस्तलिखित बसंतरंजन राय यांना १९०९ मध्ये मिळाले व ते १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात राधेबरोबर बाजाराला जाणारी एक म्हातारी आहे. तिचे नाव बडाई. राधेची राखणही तिच्याकडेच आणि कृष्णाचे निरोप पोचविणेही तिच्याकडेच, असा तिचा दुहेरी धंदा आहे. आपली मावशी या बडाईची बहीण शोभावी. मात्र दोघींत एक मोठा फरक आहे. बडाई दोघांना जवळ आणते. मावशी वाट अडवून बसते. पेंद्याला आणि कृष्णाला आधी तिच्या तोंडाशी गाठ घालावी लागते. बंगालची म्हातारी शृंगाराची दूती झाली, महाराष्ट्राची म्हातारी भांडणाची सरदार झाली. यात कोणाला आपला प्रादेशिक स्वभाव दिसला तर मी वाद घालणार नाही.

तिला 'मावशी'च का म्हटले असावे? मराठीत मावशीची दोन रूपे पूर्वापार आहेत. 'माय मरो पण मावशी जगो' या म्हणीतील मावशी आईहून मायाळू आहे, आणि कृष्णाला विष पाजावयास आलेली पूतना हीदेखील मराठी माणसाच्या तोंडी 'पूतनामावशी'च आहे. एक खरी माया, दुसरी मायेचे सोंग. तमाशातील मावशी या दोहोंच्या मध्ये उभी राहते. ती पोरींना जपते की पोरींच्या नावावर स्वतः मिरवून घेते, हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळू द्यावयाचे नाही, यातच ते काम करणाऱ्याचे कसब असते.

आणि ते काम पुरुष करतो, हा तिच्या कुळकथेतील सर्वांत बोलका भाग आहे. एके काळी फडात सगळ्याच स्त्रिया पुरुष होत्या. नाच्या पोऱ्या लुगडे नेसून नाचे, गवळणी व राधा तोच होई. संगमनेरजवळच्या हिवरगावच्या पवळाबाई, ज्यांच्या नावाबरोबर शाहीर पठ्ठे बापूरावांचे नाव अखंड जोडले गेले आहे, या फडात उभ्या राहिलेल्या पहिल्या ख्यातनाम स्त्री मानल्या जातात. स्त्रिया आल्या आणि नाच्या हळूहळू मागे सरला. राधा स्त्रीकडे गेली, गवळणी स्त्रियांकडे गेल्या. मावशी तेवढी पुरुषाकडेच राहिली. म्हातारी, राकट, मिशी काढली तरी दिसणारी ही मावशी म्हणजे जुन्या नाच्याची उरलेली सावली होय, असे अनुमान करता येते. ज्या पोऱ्यांनी तारुण्यात राधा रंगविली, त्यांना उतारवयात फडात थांबण्यासाठी हीच एक जागा उरली असेल. पात्राच्या पोटी असे एखाद्या माणसाचे पोटही दडलेले असते.

हीच गोष्ट वेगळ्या रीतीने कोकणात दिसते. वेद चोरून समुद्रात लपविणारा आणि मत्स्यावताराच्या हातून मारला गेलेला शंखासुर पुराणात खलपुरुष आहे. रत्नागिरीच्या नमन-खेळ्यांत आणि सिंधुदुर्गच्या दशावतारात तोच 'संकासूर' होऊन येतो. काळा वेश, कमरेला घुंगरू, तोंडी अस्सल बोली. दशावतारात तो विनोद करतो, मोठमोठ्यांना हैराण करतो आणि शेवटी मरतो. शिमग्यात मुले त्याला भिऊन पळतात आणि त्याच्यामागे धावतातही. थोर माणसे त्याला नवस बोलतात. ज्यांना वेद ऐकण्याचीही बंदी होती, त्या लोकांनी वेद पळविणाऱ्याला आपला लाडका करून घ्यावे, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

सोंगाड्याचा प्रश्न येथेच येतो. पेंद्या हे पात्र आहे. सोंगाड्या हे ते वठविणारे पद आहे. तोच गवळणीत पेंद्या होतो, बतावणीत गावचा भोळा माणूस होतो, वगात राजाचा शिपाई नाही तर हवालदार होतो. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला' वगात रंगविलेले हवालदार, किंवा दादू इंदुरीकरांनी 'गाढवाचं लग्न'मध्ये उभा केलेला सावळ्या कुंभार ज्यांनी पाहिला, त्यांना या पदाची ताकद सांगावयास नको. संस्कृत नाटकातील विदूषक हा त्याचा पूर्वज, असे पुष्कळदा लिहिले जाते. दोघेही खादाड, दोघेही राजाच्या कानाशी लागलेले, दोघांनाही बोलण्याची मोकळीक. पण विदूषक जन्माने ब्राह्मण आहे. नाटकात तो राजाचा मित्र आहे, सोंगाड्या राजाचा नोकर आहे. मित्राच्या थट्टेला पान-सुपारी मिळते, नोकराच्या थट्टेला चाबूकही मिळू शकतो. हा फरक साम्याहून मोठा आहे.

तरीही विदूषकाच्या इतिहासातील एक प्रसंग या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मुद्दाम ठेवावासा वाटतो. संस्कृत नाटकांचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने अवशेष बौद्ध नाटकांचे आहेत. मध्य आशियातील तुर्फान येथे मिळालेली ताडपत्रांची तुकडे झालेली पाने जर्मन पंडित ल्यूडर्स यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत 'बुद्धचरित'कार अश्वघोषाचे नऊ अंकी 'शारिपुत्रप्रकरण' ओळखू आले. शारिपुत्र आणि मौद्गल्यायन यांच्या धम्मदीक्षेचा हा विषय, आणि त्यात विदूषक आहे. तो प्राकृतात बोलतो आणि शारिपुत्राला अडवितो. तुझ्यासारख्या ब्राह्मणाने क्षत्रियाचा उपदेश घ्यावा काय, असा त्याचा आक्षेप आहे. शारिपुत्राच्या उत्तराचा आशय असा : हलक्या मानलेल्या जातीच्या माणसाने दिले म्हणून औषध रोग्याला गुण द्यावयाचे थांबत नाही, आणि उन्हाने तापलेल्याला पाणी शांतवावयाचे थांबत नाही.

महाडच्या तळ्याच्या सुमारे अठराशे वर्षे आधी एका रंगमंचावर पाण्याचा हा दाखला देऊन झाला होता. आणि जातीचा प्रश्न काढण्याचे काम नाटककाराने कोणाकडे दिले होते? हसविणाऱ्याकडे. प्रेक्षकांच्या मनात जे आहे पण उघड बोलवत नाही, ते विदूषकाच्या तोंडून वदवावे, त्यावर हसू येऊ द्यावे, आणि हसता हसता ते उत्तरासमोर उभे करावे, ही रीत अश्वघोषाला पक्की ठाऊक होती.

जोतीराव फुले यांना तुर्फानची पाने पाहावयास मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तथापि १८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, तेव्हा त्यांनीही विदूषकाला बोलाविले. गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा यांना जोशी ग्रहांचे भय घालून लुबाडतो, आणि मध्ये मध्ये विदूषक प्रेक्षकांकडे वळून त्या लुबाडणुकीचे मर्म उलगडून दाखवितो. हा विदूषक राजाचा मित्र राहिलेला नाही. तो कुणब्याच्या बाजूने उभा आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले. नाटकाच्या अखेरीस ती दोघे फुल्यांच्या रात्रशाळेत जाण्याचे ठरवितात. शाळेच्या स्मरणिकेत हे लिहिताना मला विशेष समाधान वाटते.

येथवर पात्रांच्या चातुर्याचे गुण गाइले. पण एका गोष्टीकडे पाठ फिरवून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. लोकपरंपरेतील काही पात्रे अशी होती की, रात्र संपल्यावर त्यांचे सोंग उतरत नसे. पेंद्या सकाळी पुन्हा माणूस होई. मुरळी मात्र सकाळीही मुरळीच राहत असे. खंडोबाला वाहिलेली ती एक जिवंत मुलगी होती. जागरणातील तिचे गाणे कितीही गोड असो, त्या गाण्याची किंमत तिच्या आयुष्याने चुकती होत होती. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या प्रथेविरुद्ध आवाज उठविला. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणी यांची सभा घेऊन ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. लोककलेच्या प्रेमापोटी ज्यांना आज मुरळीचे जुने वैभव आठवते, त्यांनी ही तारीखही आठवावी.

तथागतांच्या काळीही हा प्रश्न आला होता. संयुत्तनिकायात तालपुट नावाचा नटांचा म्होरक्या भगवंतांकडे येतो. लोकांना हसविणारा नट मरणानंतर हसऱ्या देवांच्या लोकी जातो, असे आमचे जुने आचार्य सांगतात, त्यावर आपले काय म्हणणे आहे, असे तो विचारतो. भगवंत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात की, आधीच राग, द्वेष, मोहात सापडलेल्या लोकांना जो त्यांतच अधिक गुंतवितो, त्याची गती चांगली नव्हे. तालपुट रडू लागतो. उत्तर कठोर वाटले म्हणून तो रडत नाही. पिढ्यान्पिढ्या आपण फसविले गेलो, याचे त्याला दुःख होते. पुढे तो भिक्खू झाला आणि त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे येथे ठपका हसविण्याच्या कलेवर नाही. ती कोणत्या कामी लावली जाते, यावर आहे. अन्यथा अश्वघोषाने विदूषक निर्माण केला नसता.

जलसाकारांनी नेमकी हीच निवड केली. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच्या प्रचारासाठी पुढे जे जलसे उभे राहिले, त्यांच्या आद्य कर्त्यांत भीमराव महामुनी यांचे नाव घेतले जाते. त्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि आतली माणसे बदलली. गणातील गणपतीच्या जागी सृष्टीचा निर्मिक आला. गवळणीतील शृंगार गेला आणि त्या जागी भटशाहीच्या फसवणुकीवरचे सवाल-जवाब आले. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी १९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलशाला घडीव रूप दिले आणि १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हा ग्रंथ लिहून त्याची नोंद ठेवली. त्यांचे जलसे बाबासाहेबांनी आपल्या सभांच्या तोडीचे मानल्याची आठवण चळवळीत आजही सांगितली जाते.

या जलशांत कोण राहिले आणि कोणाला निरोप मिळाला, हे पाहणे उद्बोधक आहे. लावणी गेली. नाचणारी स्त्री गेली. स्त्रीभूमिका बहुधा तरुण मुलेच करीत, कारण आपल्या लेकीबाळींकडे कोणी पूर्वीच्या नजरेने पाहू नये याची काळजी होती. राजा आणि प्रधान गेले, वगाच्या जागी सामाजिक फार्स आला. परंतु ढोलकी, तुणतुणे, झीलकरी राहिले आणि सोंगाड्या राहिला. आता तो जुन्या समजुतींना चिकटून बसलेला गावचा माणूस होतो, शिकून आलेल्या मुलाला वेडेवाकडे प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नोत्तरांतून देवदेवस्की, मृतमांस, दारू, शिक्षण, मंदिरप्रवेश हे सारे विषय उलगडत जातात. विदूषकाने विचारावे आणि शारिपुत्राने उत्तर द्यावे, हीच ती मांडणी. कोणी कोणाकडून उचलली नाही. गरज एकच होती म्हणून ती दोनदा जन्मली. अण्णाभाऊ साठे यांनीही लाल बावटा कलापथकात हाच मार्ग धरला. त्यांनी जुने गण-गवळण बाजूला ठेवले, पण हसविणाऱ्या माणसाला हात लावला नाही.

नंतर मात्र एक बदल झाला, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. धम्मदीक्षेनंतरच्या काळात जलसा ओसरला आणि गायनपार्टी आली. वामनदादा कर्डकांसारख्या थोर कवीने तिला अक्षय गाणी दिली; त्यांचे ऋण फेडता येणार नाही. परंतु गायनपार्टीत पात्रे नसतात. एक गायक, एक गायिका, पेटी, ढोलक आणि समोर समाज. गाणे उरले, संवाद संपला. मावशी गेली, पेंद्या गेला, अडाण्याचे सोंग घेऊन प्रश्न विचारणारा गेला. तमाशाची लाज वाटण्यास आपल्याकडे सबळ कारणे होती आणि ती मी वर मांडली आहेत. तरी लाजेच्या भरात आपण हसणाऱ्यालाही घराबाहेर काढले, असे मला वाटते. आपल्या कार्यक्रमांत आज वंदन पुष्कळ आहे, गौरव पुष्कळ आहे. स्वतःकडे पाहून हसण्याची जागा कमी झाली आहे. जो समाज आपल्याच चुकीची बतावणी आपल्याच मंडपात पाहू शकत होता, त्याने ते बळ सोडून देऊ नये.

वसतिगृहातून शिकून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या जलशाच्या वह्या अजून असतील. माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, कधी लग्नाच्या जुन्या पत्रिकांबरोबर बांधलेल्या. कागद पिवळा पडला असेल, मोडी आणि बाळबोध यांची सरमिसळ असेल, पाने वाळवीने खाल्ली असतील. त्या उघडून पानापानाची छायाचित्रे घ्यावीत. गाणी बहुतेक लिहिलेली सापडतील; संवाद सापडणार नाहीत, कारण ते तोंडी होते. म्हणून घरातील वृद्धांना बसवून विचारावे. गण कोणाच्या नावाने होई? गवळण होती की नव्हती? सोंगाड्या कोण होता, तो दिवसा काय काम करी, कोणत्या प्रश्नाला गाव हसे आणि कोणत्या प्रश्नाला गप्प होई? बाईचे काम कोणाकडे असे आणि त्याचे लुगडे कोणाच्या घरून येई? उत्तर देताना म्हातारा माणूस बहुधा उठून उभा राहील आणि ते वाक्य त्या पात्राच्या आवाजात म्हणून दाखवील. तेवढे ध्वनिमुद्रित करून घ्यावे.